नदीची राहिलेली ओटी

देवाच्या बाबतीत मी कधी कुणाशी फारसं बोललेले नाही. पूजा सासूबाईंनी करायची आणि प्रसाद मी घ्यायचा, अशी आमच्या घरातली वाटणी. त्यामुळे असा अनुभव लिहायला बसणं मला जड जातंय. शिवाय तो सांगायचा तर आधी माझं एक खोटं सांगावं लागतं, आणि ते मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. पण ते वगळून लिहिलं तर सगळं श्रेय माझ्या पदरात पडेल, आणि ते माझं नाही.

आम्ही टेक्सासच्या पार पश्चिमेच्या टोकाला, एल पासोत राहतो. मागच्या अंगणात उभं राहिलं की अंधार पडल्यावर जे दिवे दिसतात, त्यातले निम्मे अमेरिकेतले आणि निम्मे पलीकडच्या देशातल्या हुआरेझचे. कुठले कुणाचे हे इतक्या वर्षांनंतरही मला सांगता येत नाही. माझा नवरा हुआरेझच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. रोज सकाळी पूल ओलांडून परदेशात कामाला जातो आणि संध्याकाळी त्याच पुलावर गाड्यांच्या रांगेत ताटकळून घरी येतो. एडिसनला राहणारी माझी नणंद चिडवते, "तुम्ही अमेरिकेत राहताच कुठे, तुम्ही तर उंबऱ्यावर बसलायत." तिच्याकडे हाकेच्या अंतरावर मराठी माणसं आहेत, पुरणपोळीसुद्धा दुकानात मिळते. आमच्याकडे वारा आहे. वसंतात तो सुटला की भरदुपारी दिवे लावून गाड्या चालवायच्या, आणि खिडक्या कितीही बंद केल्या तरी भातात कचकच लागायचीच. पण वर्षातून दोन-चारदा पाऊस पडतो, तेव्हा वाळवंटातली झुडपं असा काही वास सोडतात की गाडी बाजूला घेऊन काचा खाली करून बसावंसं वाटतं.

मामंजी गेल्यानंतर सासूबाई आमच्याकडे कायमच्या आल्या, तेव्हा मला वाटलं होतं या इथे कोमेजून जातील. त्यांचं सगळं आयुष्य नृसिंहवाडीजवळच्या खेड्यात, कृष्णेच्या काठावर गेलेलं. पण त्या माझ्याआधी इथल्या झाल्या. छपरावरचा कूलर त्यांना ओळखीचा वाटला, सप्टेंबरात गावभर सुटणारा भाजलेल्या मिरच्यांचा ठसका घरचा वाटला, मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या जमल्या. किराणा दुकानातली गल्ल्यावरची बाई त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायची, या तिला मराठीत उत्तर द्यायच्या आणि दोघी हसून निरोप घ्यायच्या. "तुझ्यापेक्षा तिला माझं लवकर समजतं," असं मला ऐकवायच्या. त्यांना इथे एकच गोष्ट कमी वाटायची. नदी.

काही वर्षांपूर्वी मला कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, मी बरी झाले. त्या काळात सासूबाईंनी नवस बोलला होता की सून उठून कामाला लागली की जिथे असेन तिथल्या नदीची खणानारळानं ओटी भरीन. आमच्याकडे नदी म्हणजे आई. तिला हळदकुंकू लावायचं, तांदूळ, खण, नारळ, हिरव्या बांगड्या अर्पण करायच्या, जसं माहेरवाशिणीला करतात तसं. गावाकडून येताना आणलेला एक हिरवा खण त्यांनी कपाटात वेगळा काढून ठेवला होता. मी कामावर जायला लागले त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "नदीला कवा जायचं?"

आणि मी म्हटलं, "आई, इथली नदी म्हणजे देशाची हद्द आहे. मोठं कुंपण आहे. पोलीस जाऊ देत नाहीत."

हे अर्धं खरं होतं. एल पासो गावात नदी हद्दीवरूनच वाहते आणि कुंपणाआड आहे. पण गावाच्या वरच्या अंगाला, खोऱ्यात, ती साधी नदी आहे. लोक तिच्या काठानं कुत्री फिरवतात, पोरं पाण्यात खेळतात. मी रोज तिच्यावरच्या पुलावरून लॅबमधल्या नोकरीला जात होते. उन्हाळाभर ती दोन्ही काठ धरून, गढूळ, संथ वाहताना बघत होते.

का खोटं बोलले, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. वेळ नाही, ओळखीचं कुणी बघेल, पाण्यात नारळ टाकताना कुणी हटकेल, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. खरं कारण वेगळं होतं. नवस फेडायचा म्हणजे मी मरणाच्या दारात होते हे कबूल करायचं. मला ते मागे टाकायचं होतं. मला डॉक्टरांनी बरं केलं, संपलं. कपाटातला तो खण दिसला की मला राग यायचा, जणू माझं आजारपण कुणी घडी घालून जपून ठेवलंय. सासूबाईंनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. फक्त अधूनमधून खण बाहेर काढून उन्हात झटकायच्या आणि परत ठेवायच्या.

मग त्यांची नजर जायला लागली. मागच्या नवरात्राच्या तोंडावर डोळ्यांच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलंही हळूहळू जाईल. गाडीत बसल्यावर मी शब्द जुळवत होते, तोवर त्याच म्हणाल्या, "समजलं मला. डोळं हायत तवर एकदा नदी बघायची होती. कुंपणाच्या अलीकडनं दिसंल का गं?"

कुंपणाच्या अलीकडून. माझ्या खोट्याला धरून त्यांनी आपली इच्छा एवढीशी करून घेतली होती. मला गाडी चालवता येईना.

अष्टमीच्या सकाळी मी रजा टाकली. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, बांगड्या आणि हळदकुंकवाच्या डब्या घेतल्या. मी त्यांना खोऱ्यात, बंधाऱ्यावरच्या कच्च्या रस्त्यानं थेट काठाशी नेलं, हात धरून उतरवलं. आणि खाली पाहिलं तर नदी नव्हती. नुसती वाळू. मधे कुठेतरी एक ओला पट्टा, त्यात एक बगळा.

ही नदी आपल्यासारखी पावसावर वाहत नाही. वरच्या धरणातून शेतीचा हंगाम आहे तोवर पाणी सोडतात आणि मग बंद करतात. इतकी वर्षं पुलावरून जाऊन मला हे माहीत होतं, पण बंद कधी करतात याकडे मी लक्ष दिलं नव्हतं, आणि त्या आठवड्यात तर माझं कशाकडेच लक्ष नव्हतं. मी म्हणाले होते नदीपाशी जाता येत नाही, आणि आता जायला नदीच नव्हती.

सासूबाई डोळे बारीक करून बघत होत्या. "चमकतंय ते पाणीच न्हवं?" त्यांनी विचारलं. ती उन्हातली वाळू होती. हो म्हटलं असतं तर त्यांनी तिथेच ओटी भरली असती आणि त्यांना कधी कळलंही नसतं. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण एका खोट्यावर दुसरं रचायचं बळ उरलं नव्हतं.

"आई, वाळू आहे ती," मी म्हणाले. "पाणी होतं. उन्हाळाभर होतं. इथे कुंपण कधीच नव्हतं. मी खोटं बोलले तुमच्याशी."

त्या हळूच खाली बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि वाळूवरून हात फिरवत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी देवाजवळ कधी काही मागितलेलं नाही, आजारपणातही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटलं, माझ्यासाठी नको, पण या बाईला असं रिकाम्या हातानं पाठवू नकोस. ती प्रार्थना होती की नुसती लाज, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात बंधाऱ्यावर हिरव्या पट्ट्याची पांढरी, सरहद्दीवरच्या गस्तीची गाडी येऊन थांबली. सरहद्दीच्या गावात राहणाऱ्याला ती गाडी दिसली की सगळी कागदपत्रं असूनही हात आधी पर्सकडे जातो. उतरलेला माणूस पन्नाशीकडे झुकलेला होता. आधी स्पॅनिशमध्ये बोलला, इथे आमच्याशी सगळेच तसं बोलतात, मग इंग्रजीत. कागद मागितले. माझं लायसन्स मी दिलं, पण सासूबाईंचं ग्रीन कार्ड पर्समध्ये सापडेना. सासूबाईंनी आमच्या आवाजांवरून ओळखलं, कमरेचा बटवा सोडला आणि कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. बटव्यात नृसिंहवाडीचा अंगारा असतो. कार्ड घेताना त्याच्या बोटाला तो लागला. तो बोटाकडे बघत राहिला, तशा सासूबाई मराठीत म्हणाल्या, "लाव बाळा कपाळाला, देवाचा हाय." त्यानं लावला नाही. पण पुसलाही नाही.

पिशवीत काय आहे, त्यानं विचारलं. लाल आणि पिवळी पूड, तांदूळ, नारळ. मी सांगायला लागले, आणि कसं कोण जाणे, नुसतं हळदकुंकू सांगून थांबले नाही. माझं आजारपण सांगितलं, नवस सांगितला, त्यांचे डोळे सांगितले, नदी असताना मी आणलं नाही हेही सांगितलं. अनोळखी माणसापुढे, त्या उन्हात, मी सगळं बोलून गेले.

तो नदीच्या वाळूकडे बघत होता. म्हणाला, "मॅम, पाणी गेल्या आठवड्यातच बंद केलं." मग जरा थांबून म्हणाला, "पण शेवटचं पाणी अजून जमिनीत मुरलेलं नाही. माझ्या मावशीच्या बागेत उभं आहे ते. मघाशीच बघून आलो."

त्यानं मावशीला फोन केला आणि आपली गाडी पुढे घेतली. आम्ही मागे. फार लांब नव्हतं. त्या भागात पिकानच्या बागा आहेत. हे अक्रोडाच्या जातीचं फळ, त्याची उंच झाडं ओळींनी लावलेली असतात आणि नदीचं पाणी कालव्यानं आणून अख्खी बाग भरून टाकतात. फाटकात हॅट घातलेली एक म्हातारी बाई उभी होती. तिनं काही विचारलं नाही. नुसती सासूबाईंच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि त्यांचा हात धरला.

आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. जिकडे पाहावं तिकडे झाडं पाण्यात उभी. घोट्याएवढं, स्थिर पाणी, वर फांद्यांची कमान, खाली तीच कमान उलटी. मैलभरावर वाळवंट होतं आणि इथे गार वारा होता. मावशीनं भाच्याला जे सांगितलं ते मला नंतर कळलं. हे पाणी खरं तर आधीच्या आठवड्यातच यायचं होतं. कालव्याचं दार अडकलं, दुरुस्तीला वेळ लागला, आणि कालव्यात अडून राहिलेलं तिच्या वाट्याचं पाणी सगळ्यांच्या शेवटी, आदल्या संध्याकाळी आलं. मी ही गोष्ट जशी ऐकली तशी सांगते आहे. तिचा अर्थ लावायची माझी योग्यता नाही.

सासूबाईंनी चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात पाय घातला. उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "कृष्णामाईच हाय गं ही. वाडीला कशी येती, तशी आलीया."

वाडीला पावसाळ्यात कृष्णा चढते आणि थेट देवळात शिरते, देवाच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. लोक त्या दारात स्नानाला गर्दी करतात. सासूबाई लहानपणापासून ते बघत आलेल्या. एरवी माणसं नदीकडे जातात, त्या दिवशी नदी देवाच्या घरी येते, असं त्या सांगायच्या. मी ते नेहमी अर्ध्या कानानं ऐकलं होतं. आता माझेही पाय त्या पाण्यात होते.

एका झाडाच्या बुंध्याशी त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं. खण सोडला, बांगड्या सोडल्या, ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला. माझं नाव घेतलं. मग ओंजळ पुन्हा पाण्यावर धरून, रिकामीच, आणखी एकदा सोडली. मी विचारलं, "हे काय घातलंत आई?"

"तुझं खोटं," त्या म्हणाल्या. "ओटीत घातलेलं माघारी मागायचं नसतं. आता तूबी मागू नको, मीबी न्हाई."

मी तिथेच पाण्यात बसले. ऑपरेशननंतर मी एकदाही रडले नव्हते. सगळे म्हणायचे किती धीराची. त्या दिवशी मी रडले आणि सासूबाई ओल्या हातानं माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मावशीनं हॅट काढून हातात धरली होती. तो गस्तवाला फाटकाजवळ आमच्याकडे पाठ करून उभा होता, जसं घरचा माणूस उभा राहतो.

हिवाळ्यात तो एकदा आमच्या दारात येऊन मावशीनं दिलेली पिकानची पिशवी देऊन गेला. आम्हाला तेव्हा कळलं की तिनं ती ओटी कुणाला हलवू दिली नव्हती, पाणी मुरेपर्यंत तशीच राहू दिली. सासूबाईंना आता फक्त उजेड कळतो. त्यांनी पिशवीत हात घालून फळं चाचपली आणि म्हणाल्या, "बघ, नदीनं उलट ओटी भरली." त्यांनी शिरा करायला सांगितला. नैवेद्य मी दाखवला. आमच्या घरात तो मी दाखवण्याची ती पहिलीच वेळ.

मी अजूनही त्या पुलावरून कामाला जाते. नदीत पाणी असतं तेव्हा असतं, नसतं तेव्हा वाळू असते. पूर्वी मी गाडीची गती कमी करत नव्हते, आता करते. स्वतःला सगळं सावरता येतं हा हट्ट मी त्या बागेत ठेवून आले आहे. अधूनमधून तो परत घ्यावासा वाटतो. मग आठवतं, ओटीत घातलेलं आहे ते. हात जोडते आणि पुढे जाते.