आखूड दांडीचं सुरबहार

माझे हात आखूड आहेत. हे लहानपणापासून इतक्या जणांनी मला सांगितलं, की त्यात नवीन काही उरलं नव्हतं. देवासच्या गुरुजींनी मात्र ते अशा सुरात सांगितलं, जणू हात आखूड ठेवणं ही माझीच खोड होती.

संस्थानं विलीन झाली, वडिलांची बदली धारहून देवासला झाली, आणि आम्ही देवासकर झालो. गुरुजी तिथल्या दरबारचे जुने वादक. ते सुरबहार वाजवत. सुरबहार म्हणजे सतारीचं थोरलं भावंड. तारा जाड, दांडी लांबरुंद आणि खर्ज असा की ऐकणाऱ्याच्या पोटात उतरावा. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. शिकायचं तर हेच, असं त्याच दिवशी ठरवलं. मुलीच्या जातीनं फार तर सतार घ्यावी, असं घरीदारी सगळ्यांनी सुचवून पाहिलं. सुचवणाऱ्यांची मला कधीच कमी पडली नाही.

पण खालचे सूर दांडीच्या पार टोकाला, खुंट्यांपाशी. तिथं हात न्यायचा तर मला कमरेतून वाकावं लागे. वाकले की भोपळा सरके, भोपळा सावरला की सूर सुटे. दोन वर्षं डाव्या खांद्याला शेक घेत काढली. गुरुजी म्हणत, "मुली, हातानं वाद्यापर्यंत जावं. वाद्य हातापर्यंत येत नसतं." का येत नसतं, ते काही ते सांगत नसत.

दिवाळीत धारला आत्याकडे गेले. तिच्या आळीत एक म्हातारा सुतार होता. दरबारच्या पालख्या आणि वाद्यं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. आता दारं-खिडक्या करायचा. त्याला माझी अडचण सांगितली. त्यानं एक दोरा घेतला, माझ्या खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत धरला आणि तोडला.

"बाईसाहेब, हाथच एवढा आहे, तर मग दांडी इतकी लंबी कशाला? पालखी पण आम्ही बसणाऱ्याच्या नापाचीच बनवत होतो ना."

इतकी सरळ गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. मला रडूच आलं. त्यानं त्याच दोऱ्याच्या मापानं वाद्य करायला घेतलं. बागली गावाहून आलेला भोपळाही लहानच मिळाला, ते बरंच झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाद्य तयार झालं. आत्यानं बाग गावच्या छापाच्या कापडाची गवसणी शिवली. गुरुजींचं सुरबहार मोटारीच्या टपावर बांधावं लागलं असतं. माझं मी देवासपर्यंत मांडीवर घेऊन आले.

काय सुख होतं ते! पाठ ताठ, भोपळा जागच्या जागी, आणि टोकाचा पडदा हाताशी. तार ओढून घ्यायची मींड बोटं न सोलता निघे. दोन-दोन तास बसले तरी खांदा कुरकुरत नसे.

गुरुजींनी एकदाच बघितलं. "बाहुलीचं आहे. उंबऱ्याबाहेर ठेव."

मी वाद्याबरोबर उंबऱ्याबाहेरच बसले. गुरुजी आत, मी ओसरीवर. त्यांनी हाकललं नाही आणि मी उठले नाही. वर्षभर शिकवणी अशीच चालली.

आता खोटं कशाला बोलू? त्या वाद्यात खोट होती. दांडी आखूड, म्हणून गुरुजींच्या पट्टीत खर्जाची तार ढिली पडे. जरा जोरात छेडली की शेजारच्या तारेवर आपटून खरखरे. जाड तार लावून पाहिली, तर आवाज चटईवर पोतं टाकल्यासारखा निघाला. दोन पट्ट्या चढवून लावली की तीच तार साफ बोले, फक्त खर्ज थोडा उथळ होई. पण मग तंबोराही दोन पट्ट्या चढवायला हवा, आणि गुरुजींच्या खोलीतला तंबोरा कुणासाठी हलत नसे. गाणारा येवो की वाजवणारा, सगळ्यांनी त्याच पट्टीत बसायचं.

गुरुपौर्णिमेला प्रत्येकानं गुरुजींसमोर वाजवायचं असे. वाजवून झालं की पेढा मिळे आणि ज्याला शिष्य मानलं त्याच्या डोक्यावर ते हात ठेवत. त्या हातासाठी मी तीन वर्षं थांबले होते. एका गुरुबंधूनं समजावलं, एक दिवस मोठं वाद्य घे, काय बिघडतं? एका दिवसासाठी खोटं वागायचं असतं, तर मी वर्षभर ओसरीवर कशाला बसले असते?

मी माझ्या तारा दोन पट्ट्या चढवल्या आणि वाद्य घेऊन उंबरा ओलांडला. "तंबोरा थोडा चढवू का?" असं विचारलं.

"तंबोरा हलणार नाही."

"मग त्याच्याशिवाय वाजवते."

मी अर्धा तास नुसता आलाप वाजवला, तोही सगळा खालच्या सप्तकात. हात प्रत्येक पडद्यापर्यंत पोचत होता.

"खर्ज कच्चा आहे," गुरुजी म्हणाले.

"आहे. पण माझा हात तिथं पोचतो."

त्यांनी पेढा दिला. डोक्यावर हात ठेवला नाही. पायरीवर बसून मी तो पेढा रागारागानं खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीवर हजर झाले.

चार-पाच वर्षांनी गुरुजींचा डावा खांदा आखडला. मोठं वाद्य गवसणीत गेलं. एका सकाळी त्यांचा निरोप आला, ते लहान वाद्य घेऊन ये. मी गेले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले, मुद्दाम.

"आत आण," ते म्हणाले.

त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं. हात टोकापर्यंत सहज गेला. खर्जाची तार छेडली, ती खरखरली. दोन-तीनदा करून पाहिलं. मग तारा चढवल्या, तंबोरा ओढून घेतला आणि त्याच्या खुंट्या पिळायला लागले. एक पट्टी, मग दुसरी. जुळेना, तेव्हा तंबोरा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तू लाव. तुझी पट्टी तुला ठाऊक."

मी लावला. आनंद झाला होता आणि संतापही आला होता, कारण तंबोरा हलला तो त्यांच्या खांद्यासाठी, माझ्या हातासाठी नव्हे. तो राग अजून गेलेला नाही. तंबोरा मात्र त्या खोलीत शेवटपर्यंत माझ्याच पट्टीत राहिला.