केस पेपरवरचा आकडा

आमच्या ह्यांनी सिन्नरच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं. शुभ-अशुभ आकडे मानणाऱ्या पोरांवर खेकसायचे. स्वतःचं चुकलं, असं तर घरातसुद्धा कधी म्हणाले नाहीत.

आज नाशिकला आमच्या लेकीला, तेजलला, ऑपरेशनसाठी आत नेलं आणि हे तिच्या केस पेपरवरचा नंबर भागत बसले. ५१०५११.

"याला कशानेच भाग गेला नाही, तर पोरगी सुखरूप," हळूच म्हणाले. मी डोळे वटारले.

दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. दर वेळी बाकी एक. आता मीही कागदावर वाकले.

एकोणीसने पूर्ण भाग गेला.

ह्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "तू करून बघ गं. माझं चुकलं असेल."