सासूचा उरलेला डोळा

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या गावात एक जीप आली. जीपवर भोंगा होता आणि भोंग्यातून शिबिराची हाळी चालली होती. आमचं गाव आसेगावच्या बाजूचं. शिबिर हा शब्द ऐकला तसे गावातले बाप्ये तुरीच्या वावरात पळाले. आदल्या वर्षी याच शब्दाखाली माणसं धरून नेऊन नसबंदी केली होती, त्यामुळे त्यांना हसण्यात अर्थ नाही. माझा नवराही पळाला. जीपमधून एक वकील उतरले तर त्यांना गावात फक्त बाया आणि म्हातारे सापडले. त्यांना तेच पाहिजे होते. मंगरूळपीरच्या त्यांच्या सेवा क्लबाने मोतीबिंदूचं शिबिर ठेवलं होतं.

माझ्या सासूचा एक डोळा फिरत्या वैदूने सुई घालून घालवला होता. उरलेल्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. घरात दोन लहान पोरं होती. मी मजुरीला गेले की पोरं तिच्याजवळ राहायची. तिचा हा डोळाही गेला असता तर मला घरी बसावं लागलं असतं आणि एकाच्या मजुरीत आमचं भागत नव्हतं. म्हणून मी तिला न्यायचं ठरवलं. मायेबियेचा विचार तेव्हा केला नाही.

"मी नाही येत," ती म्हणाली. "एक त्या वैदूनं नेला, एक ह्या वकिलाले देऊ काय?"

"वकील नाही कापत, आत्याबाई. डॉक्टर कापते."

"मंग वकील काहून फिरून राह्यला?"

वकील आमच्याच ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आजी, मी तिथं पाणी भरतो."

"वकिली चालत नाही वाटते तुमची," सासू म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी बैलबंडीत बसली.

शिबिर शाळेत होतं. वर्गातली बाकं बाहेर काढून जमिनीवर तणीस पसरलं होतं, त्यावर सतरंज्या. डॉक्टर नागपूरहून आले होते. क्लबाची माणसं म्हणजे वकील, मास्तर, कापसाचे व्यापारी आणि त्यांच्या बायका. मला वाटलं होतं, हे फोटो काढतील आणि जातील. फोटो काढले. पण गेले नाहीत. वकील खरंच पाणी भरत होते. एका व्यापाऱ्याची बायको मऊ खिचडी रांधायची आणि एकेकाला भरवायची. लघवीची भांडीही तीच उचलायची, नाकाला पदर न लावता. एवढं मी पाहिलं आणि माझं तोंड बंद केलं.

डॉक्टरांनी सासूचा डोळा तपासला. म्हणाले, होईल. पण डोळ्याला टाका पडेल, आणि तो पक्का होईपर्यंत वाकायचं नाही, खोकायचं नाही, जोर करायचा नाही. वाकलं आणि टाका सुटला तर डोळा हातचा जाईल. बाकीच्यांना त्यांनी हे एकदा सांगितलं. मला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं, कारण हिच्याकडे दुसरा डोळा नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. पण आम्ही बौद्ध. सासूने नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, आणि तेव्हापासून रोज सकाळी ती कपाळ भुईला टेकवून वंदना करायची. पट्टी बांधलेली असतानाही दुसऱ्या दिवशी उठायला लागली.

मी म्हटलं, "निजल्या निजल्या करा."

"निजून वंदना करतात काय? बुद्धाले काय वाटीन?"

"त्याले समजते. तुमालेच समजत नाही."

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण हात जोडले ते निजूनच.

नंतर पेशंटांना आधार देऊन थोडं उभं करायला लागले, तेव्हा परदेशातली एक पाहुणी आली. देशाचं नाव सांगितलं होतं, मला आठवत नाही. उंच, पांढऱ्या केसांची बाई. क्लबाची शाखा तिच्या गावातही होती. ऑपरेशननंतर जाड भिंगाचा चष्मा लागतो. तसे वापरलेले चष्मे तिने तिकडे घरोघर फिरून गोळा केले आणि पेटी भरून इकडे पाठवले होते. आता ते लोकांच्या डोळ्यांवर पाहायला ती स्वतः आली होती. तिच्या हातून पेशंटांना घोंगड्या द्यायचं ठरलं. डोळ्यांवर पट्ट्या असलेली सगळी माणसं आम्ही नातेवाइकांनी धरून ओळीत उभी केली.

पहिला एक म्हातारा होता. हातावर घोंगडी पडली तशी रीतीप्रमाणे तो देणाऱ्याच्या पाया पडायला वाकला. डॉक्टर ओरडले. मास्तरांनी त्याला काखेत धरून वर घेतलं. पाहुणीने मात्र एवढंच पाहिलं की इथे भेटलं की पायाला हात लावतात. पुढे माझी सासू होती. पाहुणी खाली वाकली आणि तिने सासूच्या दोन्ही पायांना हात लावला.

आमच्याकडे कोणी पायाशी आलं तर वडीलधाऱ्याने त्याला खांद्याला धरून उठवायचं असतं. नुसतं उभं राहणं म्हणजे माज. सासूला दिसत काहीच नव्हतं, पायाला हात लागले एवढं कळलं, आणि ती लगेच खाली वाकायला निघाली.

मी एका हाताने तिची कंबर धरली, दुसऱ्याने अंबाडा, आणि मागे ओढली.

"सोड वो! कोण पडलं माह्या पायावर? उठवू दे तिले!"

"पडू द्या. तुमी सिध्या उभ्या राहा."

"लोकायसमोर बुचडा धरून ओढतं? सासू हाय का बैल हाय मी?"

"बैल ऐकते तरी."

वकिलांनी पाहुणीला इंग्रजीत समजावलं. तिचा चेहरा उतरला, डोळ्यांत पाणी आलं. मी वकिलांना म्हटलं, रडायचं ते मंग, आधी हिले निजवा. डॉक्टरांनी पट्टीवरून पाहिलं. रक्त नव्हतं, पण आतलं काय ते पट्टी सोडल्यावरच कळेल, म्हणाले.

व्यापाऱ्याच्या बायकोने सगळ्यांना परत निजवायला लावलं. निजलेल्याला वाकता येत नाही, आणि निजलेल्या माणसाच्या पाया कोणी पडत नाही, पडायचं ते मेल्यावर. पाहुणी एकेकाजवळ जाऊन घोंगडी अंगावर घालू लागली. तर ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "मेल्यावानी काहून पांघरून राह्यले बापा? अजून जित्ती हावो." पट्ट्या बांधलेली ओळ हसली. डॉक्टर ओरडले, हसायचंही नाही.

पट्टी सोडायच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नाही. डॉक्टरांनी पापणी उघडून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, टाका धरला आहे. पेटीतला एक चष्मा सासूच्या नाकावर ठेवला. तिकडच्या कोण्या बाईचा असणार, दोन्ही टोकं मांजराच्या कानासारखी वर गेलेली.

"काय दिसतं, आजी?"

सासूने मान न हलवता पाहिलं. "एक गोरी बाई हाय, उंच. आन् तिच्या मांग आमची सून, तोंड फुगवून."

पाहुणीला वकिलांनी हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि दोन्ही हात जोडून दूरच उभी राहिली.

सासू पुढे बरीच वर्षं त्या डोळ्याने जगली. पोरं तिनेच वाढवली, मला सांगायला लाज नाही.

पुढच्या हिवाळ्यात जीप परत आली. वकील पेशंट न्यायला आले होते, पण त्यांना मीही पाहिजे होते. क्लबाच्या बायका कमी पडत होत्या. मजुरी मिळणार नव्हती. नवरा म्हणाला, फुकट कायले जातं? सासू चष्मा पुसत म्हणाली, "जाऊ दे तिले. पोरं मी पाहतो."

शाळेत पोचले तर व्यापाऱ्याच्या बायकोने माझ्या ताब्यात एक म्हातारा दिला. दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन होतं आणि तो खोकत होता. मी चुलीवर पाणी ठेवलं आणि त्याच्या खिशातल्या बिड्या काढून घेतल्या.