पौर्णिमेची ओहोटी

वर्तमानपत्रात गुंडाळलेली पावाची लादी बाबांच्या काखेत असायची, आणि ते अंगणात पाऊल टाकण्याआधीच तिचा वास ओटीवर पोचायचा — थोडा भट्टीचा, थोडा लाँचच्या डिझेलचा, थोडा खाऱ्या वाऱ्याचा. कागद सोडला की पावाच्या पाठीवर छापील अक्षरं उलटी उमटलेली दिसत. बाबा मला मांडीवर घेऊन ती वाचायला लावत, आणि मी चुकले की पोट धरून हसत. तो माणूस मला फार आवडायचा, हे आधीच सांगून ठेवते.

बाबा भाऊच्या धक्क्यावर माल उतरवायच्या कामाला होते. सकाळच्या लाँचने जायचे, संध्याकाळच्या लाँचने रेवसला परतायचे. पण आमच्या खाडीत गाळ... ओहोटी असली की लाँच इकडे धक्क्याला लागत नसे, म्हणून ती तिकडूनच उशिरा सुटे, आणि ते दोन-तीन तास बाबा दारूच्या गुत्त्यात काढत. शेजारच्या बुधाबाबाने, सुकत घातलेली जाळी राखता राखता, मला भरतीचं गणित शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती; त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे लाँच वेळेवर, म्हणजे पाव. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारीच पाणी भरून जाई आणि संध्याकाळी खाडीत नुसता चिखल उरे. त्या दिवशी बाबा येत, पाव येत नसे.

अशा संध्याकाळी आई विळी धुऊन तांदळाच्या पिंपामागे सरकवून ठेवी, चूल लवकर विझवी आणि मला परसातल्या न्हाणीत बसवून दार ओढून घेई. ओल्या दगडाचा, शिकेकाईचा, राखेचा वास... आणि भिंतीपलीकडे आधी भांड्यांचा आवाज, मग आईचा, मग कुणाचाच नाही. तो शेवटचा भाग सगळ्यात वाईट असायचा.

सात वर्षांची पोर पंधरवड्याच्या तिथी घडाघडा म्हणते, याचं गावाला कोण कौतुक! मास्तरांनी मला वर्गापुढे उभं करून म्हणायला लावलं. आल्यागेल्यासमोर आत्या माझी परीक्षा घ्यायची. ज्या मुलीला ना होडी हाकायची आहे ना जाळं टाकायचं आहे, तिला ओहोटीची वेळ कशाला लागते, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या भिंती काही जाड नव्हत्या. सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं, आणि सगळे माझं पाठांतर ऐकत होते.

बाविसाव्या वर्षी मी पनवेलला रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागले. एका संध्याकाळी समोरच्या बाईच्या दंडाला पट्टा बांधला, सुई उचलली, आणि हात थरथरू लागला. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, श्वास आत जाईना. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. घरी कळल्यावर आत्याने कॅलेंडरावर बोट ठेवलं. पौर्णिमा, अमावास्या, पौर्णिमा! झालं, निदान पक्कं. मला भगताकडे नेलं, लिंबं उतरवली, केस धरून विचारलं, कोण आहेस, कुठली आहेस. माझ्या अंगात होती ती न्हाणीत बसलेली सात वर्षांची मुलगी, पण तिचं नाव तिथे कुणालाच ऐकायचं नव्हतं. आणि आई — जिला हे गणित माझ्याइतकंच येत होतं — डोक्यावर पदर घेऊन शेजारी गप्प उभी होती. भगताचा मला राग नाही. त्या गप्प राहण्याचा आजही आहे.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी लिंबू मागितलं नाही. लहानपणी संध्याकाळी घरी काय चालायचं, एवढंच विचारलं. मी सांगितलं; सांगायला कितीतरी आठवडे लागले. गोळ्या आहेत, बोलणं आहे, हात आता बराच स्थिर असतो. पण त्यातलं काही घडलंच नाही असं घरातले सगळे म्हणत असताना ते एकटीनेच खरं मानत राहायचं, याला औषध नाही. मला आईच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, बस्स.

यंदा नारळी पौर्णिमेला घरी गेले. बाबांची दारू सुटून चार वर्षं झालीत. गाव त्यांना मान देतं. ते ओटीवर खुर्चीत बसले होते. आत आई नारळ खवत होती, आणि मी सरळ विचारलं.

"काय न्हाय झाला तवा," ती मान वर न करता म्हणाली. "सगल्यांच्या घरान व्हता, तसाच आपल्या घरान."

संतापाने माझे कान तापले होते. खोबरं ताटात काढून आईने विळी धुतली, पुसली, आणि बोलता बोलता, न बघता, पिंपामागे सरकवली.

"आये, ती तिथं का ठेवलीस?"

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुला तवा दिसायचा व्हय?"

"दर ओहोटीला."

बाहेर खाडी ओसरत होती, चिखलाचा वास खिडकीतून आत येत होता... एवढ्यात ओटीवर खुर्ची करकरली आणि बाबांची हाक आली. आईचा हात माझ्या मनगटावर पडला. आम्ही दोघीही श्वास रोखून दाराकडे बघत राहिलो.

बाबांनी फक्त चहा मागितला होता.