गप बसणारा डबा

आमचे भाऊजी यंत्र हाताने ऐकत. अकोटच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, पंचवीस वर्षं फिटर म्हणून काढल्यामुळे त्यांचा डावा कान पार गेला होता, उजवा निम्मा. यंत्राच्या पत्र्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बेरिंग गेलं हाय." खोलून बघावं तर बेरिंगच गेलेलं असायचं. एकदा तरी चुकले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

माझे बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापसाचा धागा बोटांत ओढून त्याची प्रत ठरवण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे हाताने पारख करणाऱ्या या जावयावर त्यांचा भारी जीव. कूलर घ्यायचा असो की विहिरीवरची मोटर बिघडलेली असो, त्यांचं एकच, "जवाईबापूंले इचारा." मी अमरावतीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो, गल्लीतली पोरं मला सर म्हणत. पण बाबांच्या लेखी सल्ला देण्याजोगा माणूस एकच, आणि तो अकोटला राहायचा. बहिणीच्या नवऱ्याचा हेवा करणं शोभत नाही, हे कळत होतं. तरी मी तो मनापासून करायचो.

निवृत्तीनंतर बाबांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, पण आवाज बसला तो बसलाच. जवळ जाऊन कान दिला तरच बोलणं कळे. दिवसभर ते बैठकीत पडून असायचे, म्हणून टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. भजनं, जुने सिनेमे, लग्नांच्या सीड्या, फोटो, सगळं एका डब्यात. हा विषय तरी माझा होता! मी दोन पानांची यादी केली. बाबांनी ती हातात धरली, उलटीपालटी केली आणि पुटपुटले, "जवाईबापूंले येऊ द्या."

जवाईबापू एसटीने आले. कापसाचे ते वाईट हंगाम होते, जिनिंग वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने चालायचं, म्हणून त्यांना सवड होती. ही सवड त्यांना नको असेल, एवढंही तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

दुकानात मी पसंत केलेला डबा म्हणजे थाटच होता. तगडं ग्राफिक कार्ड, तीन पंखे, पुढे निळा दिवा. भाऊजींनी एकेका चालू डब्यावर हात ठेवत फेरी मारली आणि कोपऱ्यातल्या एका बुटक्या, काळ्या डब्यापाशी थांबले.

"साळेबुवा, हा घ्या. हा गप बसते. बैठकीत ठेवाचा हाय न."

दुकानदार कौतुकाने म्हणाला, "सही चीज पकडी है, साहब." माझं डोकंच फिरलं. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून म्हणालो, "भाऊजी, हे तुमचं जिनिंग नाही." त्यांनी त्या काळ्या डब्यावरचा हात काढून घेतला. मी माझाच डबा घेतला.

घरी सगळे खूश झाले. निळा दिवा बघायला शेजारीही येऊन गेले. पंखे घरघरायचे, म्हणून आम्ही गाण्यांचा आवाज वाढवायचो. बाबा पडद्याकडे बघत बसायचे आणि मला वाटायचं, चला, रमले. तीन आठवडे मी असाच फुशारक्या मारत फिरलो.

मग ताईला माहेरी सोडायला भाऊजी आले. ते बाबांच्या खाटेवर बसले, नेहमीसारखा त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला. त्या हात ठेवण्याचाही मला राग यायचा, उगाच लाडीगोडी वाटायची. थोड्या वेळाने त्यांनी आईला विचारलं, "मामाजी बोलून नाई राहिले. काहून?"

आईने माझ्याकडे बघितलं, मी डब्याकडे. पंख्यांच्या घरघरीत बाबांचं बोलणं कोणाच्या कानांपर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून त्यांनी बोलणं सोडलं होतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसत होतो, तरी मला ते कळलं नव्हतं.

भाऊजींनी लगेच बाह्या सरसावल्या. छिन्नी-हातोडी मागितली, बैठकीच्या भिंतीला आरपार भोक पाडलं, मला लांब वायर आणायला पिटाळलं आणि डबा उचलून मागच्या खोलीत ठेवला. बैठकीत फक्त टीव्ही उरला. खोली एकदम शांत झाली आणि त्या शांततेत बाबा म्हणाले, "जवाईबापू, चहा घेतला का?"

वायर आणली मी, आणि पहिलं वाक्य त्यांना! मी तडक मागच्या खोलीत गेलो आणि त्या घरघरणाऱ्या डब्याजवळ कितीतरी वेळ बसून राहिलो.

त्यानंतर बाबा चौदा महिने जगले. त्या काळात ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं जन्मात बोलले नव्हते. गाणं थांबवायला सांगायचे आणि बोलायचे. ओला कापूस हाताला कसा कळतो ते सांगितलं. मी लहानपणी तापाने फणफणलो तेव्हा ते किती घाबरले होते, तेही सांगितलं. हे सगळं भाऊजींमुळे ऐकायला मिळालं, पण त्यांना मी तसं कधी म्हणालो नाही.

मागच्या महिन्यात अकोटला गेलो. भाऊजींचे दोन्ही कान आता गेलेत. ओसरीत त्यांच्या शेजारी बसून मी ओरडून सांगायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि तळहात माझ्या पाठीवर ठेवला.

"हळू बोला. समजते मले."

बाबांच्या पाठीवर तो हात कशासाठी असायचा, ते मला त्या क्षणी कळलं. त्यांच्यामुळे बाबा माझ्याशी किती बोलले, ते मी सगळं सांगितलं. त्यांना किती समजलं देव जाणे. ते हसले आणि म्हणाले, "ते दुकानातलं बी आयकू आलं होतं मले, साळेबुवा."

मी गप्प झालो. पण त्यांनी हात काढला नाही. ज्या हाताचा मी जन्मभर हेवा केला, तो आणखी थोडा वेळ तिथेच राहावा म्हणून मी पुन्हा काहीबाही बोलायला लागलो.