बांधबाई

प्रोसेसरच्या सगळ्या टेस्ट पास झाल्या की ऑफिसात समोसे यायचे. आमच्या वरिष्ठ बाई मात्र समोशाला हात लावत नसत. "टेस्ट म्हणजे आपण विचारलेले प्रश्न. न विचारलेल्यांचं काय?" असं म्हणून पुन्हा कामाला बसायच्या. चिपमधलं गुपित कुठल्याही वाटेनं बाहेर पडूच शकत नाही, हे गणितासारखं सिद्ध करायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली होते.

मागून आम्ही त्यांना बांधबाई म्हणायचो. वसईच्या खाडीकाठी त्यांच्या वडिलांची भातशेती. उधाणाआधी म्हातारा अख्खा बांध पायी फिरायचा, खेकड्यांची बिळं बुजवत. "पानी भगदाड मांगत नाय, एक बील बास," हे वडिलांचं वाक्य बाईंनी इतक्यांदा ऐकवलं की आमचंही पाठ झालं.

बाईंची एक खोड होती. सही करण्याआधी सिद्धतेतली सगळी गृहीतकं त्या मोठ्यानं वाचायच्या, शाळेत हजेरी घेतात तशी. मी वसईजवळच्याच तुळिंजची, पण जात्याच घाईची. मला जांभया यायच्या.

एकदा डिझाइन दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाणार होतं. पुढच्या प्रोजेक्टचं प्रमुखपद बाईंनाच मिळणार, हेही ठरल्यातच जमा होतं. वाचता वाचता त्या थांबल्या. 'गुप्त किल्ली पुसली जात असताना मध्ये दुसरं काम येणार नाही.' ही ओळ त्यांनीच, सिद्धता लवकर उरकावी म्हणून, तात्पुरती घातली होती आणि काढायची विसरल्या होत्या. ओळ काढून सिद्धता पुन्हा चालवली. दहा मिनिटांत स्क्रीनवर किल्ली बाहेर पडताना दिसली.

"कोणाला कळलं नसतं, बाई," मी म्हटलं. आजही त्या वाक्याची मला लाज वाटते.

"मला कळलंय ना," म्हणाल्या, आणि उठून साहेबांकडे गेल्या. "सर, चूक माझी आहे. चिप थांबवा."

चिप तीन महिने थांबली. प्रमुखपद दुसऱ्याला गेलं. बाई त्याच्या हाताखाली तितक्याच नेटानं राबल्या, आणि मुदतीआधी निवृत्त होऊन शेतावर गेल्या.

परवा सिद्धतेवर माझी पहिली सही होती. गृहीतकं मोठ्यानं वाचली, पोरं हसली. अकराव्या ओळीवर अडकले आणि बाईंना फोन लावला.

"बाई, एक बीळ सापडलं."

"कोणी पाडलं?"

"मीच."

मग त्या म्हणाल्या, "बरं. ठेव फोन, आणि बांधाला लाग."