घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

"झोपेत तुमचा श्वास पुन्हा पुन्हा अडतो," कर्जतच्या डॉक्टरबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या. "याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात."

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. इतकी वर्षं मी दमते, पेंगते म्हणून सांगत होते.

कशेळ्याला माझं शिवणकामाचं दुकान आहे. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. दुपारी गिऱ्हाइकाचं माप घेताना डोळे मिटायचे. गावातल्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, मग टॉनिक, मग 'टेन्शन घेऊ नका' म्हणत झोपेची गोळी. त्या गोळीने सकाळ आणखीच वाईट जायची. नणंद म्हणायची, "वहिनीच्या खोलीत भाताची गिरण चालू हाय." सगळे हसायचे, मीही. बाईने घोरावं याची लाज वाटायची, म्हणून दवाखान्यात तो विषय निघालाच नाही.

एके दिवशी ब्लाऊज शिवता शिवता डुलकी लागली आणि मशीनची सुई बोटातून आरपार गेली. मिस्टरांनी मला कर्जतला नेलं. जखम बांधून झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "कामात झोप लागते? घोरता का?"

मिस्टर हसले. "घोरते म्हंजी! पन झोप गाढ हाय तिची."

"घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. मध्येच आवाज बंद पडतो का? मग दचकून श्वास घेतात?"

ते माझ्याकडे बघत म्हणाले, "घेते. आमाला वाटलं, सपान पडतंय."

मग स्लीप स्टडी झाली, म्हणजे अंगाला तारा लावून झोपेतला श्वास मोजला. बाईंनी समजावलं, झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते, हवेने आतला मऊ भाग थरथरतो. तोच आवाज. वाट मिटली की श्वास अडतो. घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, पण वजन, चोंदलेलं नाक, पाठीवर झोपणं, दारू यांनी घोरणं वाढतं. झोपेच्या गोळीनेसुद्धा वाढू शकतं, हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

वजन कमी करा, कुशीवर झोपा, गोळी बंद, आणि सीपॅप लावा, असं ठरलं. सीपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. सुरुवातीला मी ते रोज ओढून काढायची. नाक सुकायचं, गालावर वळ उठायचे. त्यात आमच्याकडची वीज! ती गेली की यंत्र बंद. मी रडकुंडीला आले होते. बाईंनी मास्क बदलून दिला, मिस्टरांनी इन्व्हर्टर बसवला. हळूहळू सकाळी डोकं दुखेनासं झालं. वजन अजून हटत नाही, त्याची चिडचिड आहेच.

परवा नेरळला पुतण्याच्या लग्नाला मुक्काम होता. यंत्र घेऊन गेले. सकाळी मास्क पुसत होते तर नवरीकडच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. माझं डोकं तापलं.

तेवढ्यात माझ्या चुलतसासूबाई शेजारी येऊन बसल्या. पदराआडून हळूच म्हणाल्या, "सूनबाई, मी बी लय घोरते गं. दिसभर डोळं उघडत नाय. कुनाला सांगू?"

"मला सांगितलंत ना," मी म्हटलं, त्या पोरींनाही ऐकू जाईल असं. "सोमवारी कर्जतला जाऊ. मी येते तुमच्यासंगं."